यकृतातून इन्सुलिन: पेशी आपल्याच, म्हणून काम झालं?

रानवारा (मूळ मत): टाइप १ मधुमेहाच्या संशोधनाचा पैसा यकृताच्या पेशींना इन्सुलिन बनवायला लावण्याकडे वळवायला हवा. यकृत आणि स्वादुपिंड गर्भात एकाच थरातून घडतात. ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-२ आणि त्याची पातळी जोखणारं ग्लुकोकायनेज दोन्हीकडे आहे. २००० साली संशोधक सारा फर्बर यांच्या गटानं उंदरांच्या यकृतात स्वादुपिंड घडवणारं पीडीएक्स-१ जनुक विषाणूमार्फत सोडलं, तर तिथं इन्सुलिन बनू लागलं. २००२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात मोठ्या उंदरांच्या (रॅट) यकृतातल्या मूलपेशी भरपूर ग्लुकोजमध्ये वाढवून इन्सुलिन बनवणाऱ्या केल्या. त्या पेशींनी मधुमेही उंदरांची साखर खाली आणली. रुग्णाच्याच पेशी वापरल्या की दाता नको, शरीर नाकारेल ही भीतीही नको.

तिरकस: नेमकं इथंच घोडं अडतं. टाइप १ मध्ये मेलेल्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, काय परक्याच्या होत्या? प्रतिकारशक्तीनं आपल्याच पेशी मारल्या, त्यालाच तर हा आजार म्हणतात. नव्या पेशी बीटासारख्या जितक्या हुबेहूब, तितका त्यांना धोका जास्त.

रानवारा: म्हणूनच अर्धवट बदललेली यकृतपेशी बरी! स्वयंप्रतिकारामुळे मधुमेह होणाऱ्या उंदरांतही पीडीएक्स-१ नं साखर सुधारली आहे.

तिरकस: उंदरांचा मधुमेह आजवर कितीदा बरा झालाय, मोजा एकदा.

सावली: यकृत कच्चा माल म्हणून मागे पडलंय, जागा म्हणून नाही. २०२५ मध्ये भ्रूण मूलपेशींपासून केलेल्या झिमिसलेसेल या पेशी-उपचाराचे निकाल आले: पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. त्या पेशी प्रवेशिनी शिरेतून यकृतातच सोडतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात. चीनमधल्या एका रुग्णेला तिच्याच चरबीच्या पेशींपासून केलेल्या बीटा पेशी दिल्या, तीही इन्सुलिनमुक्त झाली. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती औषधं तिला आधीपासून चालूच होती. म्हणजे ‘आपल्या पेशी’चा खरा कस लागलाच नाही.

साखरमाप: मुलीला टाइप १ आहे, म्हणून मला वेगळीच धास्ती. बीटा पेशी इन्सुलिन कणांत साठवते, साखर चढली की मिनिटांत सोडते, उतरली की हात आखडता घेते. अर्धवट बदललेल्या यकृतपेशीकडे हा साठा नसेल, तर जनुकापासून इन्सुलिन बनेपर्यंत उशीर आणि थांबतानाही उशीर. मध्यरात्री साखर ४० पर्यंत घसरली आणि पेशी इन्सुलिन बनवतच राहिली, तर? इन्सुलिनचा पंप बंद करता येतो, यकृत कसं बंद करणार? रानवारा, याचं उत्तर द्या, मग पैशांचं बोलू.