शब्दचर्चा: सॅल्मनचा ‘साठा’ आणि चढणीचे मासे

अनुवादवेडी: उत्तर अटलांटिकमधल्या सॅल्मन संवर्धन कराराचा अनुवाद करतेय. ‘स्टॉक’ला ‘साठा’ लिहिलं की शीतगृहातल्या पेट्याच डोळ्यांपुढे येतात. ‘अॅनाड्रोमस’ला (समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत चढणारे मासे) एकाने ‘प्रतिगामी’ सुचवलंय, पण तो शब्द राजकारणाने कधीच पळवला!

खाडीकाठ: काहीही करा, सॅल्मनला ‘रावस’ लिहू नका. मेन्यूकार्डात रावस ‘इंडियन सॅल्मन’ झाला असला तरी दोघांचं कूळ वेगळं.

दर्यावर्दी: ‘साठा’ नकोच. या करारांत ‘स्टॉक’ म्हणजे ठरावीक नदीत जन्मून तिथेच परतणारे मासे. फ्रेझर नदीतला सॉकाय (सॅल्मनचाच एक प्रकार) कॅनडात जन्मतो, अलास्काच्या आखातात पोसतो आणि परतताना बरेचदा वॉशिंग्टन राज्याच्या पाण्यातून येतो. तिथे अमेरिकी जाळी तयारच. मासा कॅनडाचा की अमेरिकेचा, यावरून वर्षानुवर्षं खडाखडी झाली, तेव्हा कुठे 1985चा पॅसिफिक सॅल्मन करार झाला. ‘फ्रेझर-कूळ’ म्हणावं का?

खाडीकाठ: ‘कूळ’ प्राणिशास्त्राने घेतलंय, उरलेलं कुळकायद्याने. ‘नदीसमूह’ बरा.

अनुवादवेडी: चालेल. आणि ‘स्टेट ऑफ ओरिजिन’? संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम 66 प्रमाणे ज्या देशाच्या नद्यांत मासा उपजतो, त्याचा हक्क आणि जबाबदारी आधी. मी ‘उगमदेश’ लिहिलंय.

आजोळकर: ‘माहेर’ म्हणा की! बाळंतपण माहेरी, खर्चही माहेरचा.

दर्यावर्दी: 😄 कलमाचा मथितार्थ हाच. पण पॅसिफिक सॅल्मन अंडी घालून मरतात, माहेराहून परततच नाहीत. अटलांटिकचे काही तेवढे समुद्रात परततात. शिवाय ग्रीनलंडचं काय? कापिसिलिट नदी सोडली तर त्यांचा स्वतःचा सॅल्मन नाही, पण कॅनडा-युरोपचे मासे त्यांच्याच किनाऱ्याजवळ चरून गलेलठ्ठ होतात. त्यांनी वाटा मागितला तर मला तरी गैर वाटत नाही. 1983मध्ये लागू झालेल्या अटलांटिक करारात सॅल्मनच्या मासेमारीला साधारणपणे 12 सागरी मैलांपलीकडे बंदी आहे, पश्चिम ग्रीनलंडला मात्र 40 मैलांपर्यंत मुभा. मजकुरात ‘उगमदेश’च ठेवा.

खाडीकाठ: ‘अॅनाड्रोमस’ राहिलंच. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यांतून वर शेतात येतात ते ‘चढणीचे मासे’. शब्द आयता आहे.

अनुवादवेडी: वा! पण ते गोड्या पाण्यातलेच ना?

खाडीकाठ: हो, म्हणून ‘समुद्रातून चढणीला येणारे’ असं लिहा. आमच्याकडेही नेमके गाबोळीने भरलेले असतानाच धरतात, आणि तिथे करारबिरार काही नाही.

अनुवादवेडी: घेतला. ‘नदीसमूह’ आज मजकुरात बसवून बघते.