प्रति: प्रॉमिनन्सचं (सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या वायूच्या ज्वालेचं) टाइमलॅप्स दुपारी की सकाळी?
सूर्य डोक्यावर असताना हवेचा थर पातळ, म्हणून शूटिंग दुपारीच करा, हे या चर्चेत वर आलंय. थर पातळ हे खरं, पण आपल्या बेळगावात मार्चमध्ये अकरानंतर गच्चीचा स्लॅब तापतो, शेजारची कौलं तापतात आणि सूर्याची कड नुसती लवलवते. मी दुर्बीण खानापूरकडे काकांच्या उसाच्या बांधावर नेतो. पाणी दिलेलं रान उशिरा तापतं. सकाळी नऊच्या सुमाराला ज्वालेच्या कमानीतले बारीक धागेसुद्धा सुटे दिसतात.

आणि एच-अल्फात (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढाच सोडणाऱ्या फिल्टरमधून) ज्वाला सूर्याच्या तबकडीपेक्षा खूप मंद असतात, तेव्हा एक्स्पोजर ज्वालेसाठीच लावा, तबकडी पांढरीफटक झाली तरी चालेल. शांत प्रॉमिनन्सला मिनिटाला एक फ्रेम पुरते. उसळणारा असला तर १०-१५ सेकंदांवर या, नाहीतर झेप तुटक दिसते.