विषय: मारुती ८०० च्या दारांची पॅनलं, सांगलीत घरच्या घरी

नमस्कार मंडळी,
सांगलीला घरची जुनी मारुती ८०० आहे. चारही दारांच्या आतल्या पॅनलांचं रेक्झीन खालून सुटलंय आणि मागचा हार्डबोर्ड फुगून त्याचे पापुद्रे निघतायत. डिसेंबरात तिकडे जातोय, तेव्हा घरीच करायचा विचार आहे. लेदर लावलं तर चालेल का? चिकटवायला काय वापरावं? अमेरिकेतून हीट गन न्यावी का?

---

दादा,
लेदर की रेक्झीन ते नंतर बघू. आधी बोर्ड खालूनच का फुगला ते बघा, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तेच.

काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं. ते उतरणारच, दाराची रचनाच तशी आहे. खालच्या कडेला असलेल्या भोकांतून ते बाहेर पडतं. पॅनल आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी बोर्डापर्यंत येऊ देत नाही. काच दुरुस्त करताना मेकॅनिक तो फाडतो आणि परत लावत नाही. नव्वद टक्के फुगलेल्या पॅनलांचं मूळ हेच, असं माझं मत. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात सांगलीच्या गावभागात उभी असेल तर भोकं गाळाने गच्च भरलेली असणार. तारेने मोकळी करा. मग काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालून ठिबकायला हवं.

कागदासाठी २०० मायक्रॉनचं पॉलिथिन घ्या आणि ब्यूटाइल टेपने (कायम चिकट राहणारी रबरी पट्टी) चिकटवा. खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडा, म्हणजे पाणी परत दारातच पडेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र वापरू नका, त्याने पत्रा गंजतो.

पॅनल काढताना काच फिरवायच्या हँडलमागे यू आकाराची स्प्रिंग असते. हँडल आणि त्यामागची चकती यांच्या फटीत सुती फडकं घालून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ओढलं की स्प्रिंग उडते. कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा. पॅनल दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपा अगदी जवळ पट्टी घालून उचला, बोर्डाची कड धरून ओढू नका. जुन्या क्लिपा तुटतातच, आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा.

बोर्ड नवा कापा. ३ मिमी हार्डबोर्डाच्या ८ बाय ४ फुटी एका शीटमध्ये चारही बसतात, फक्त आधी मापून घ्या. डाव्याचा साचा उलटा केला की उजवा मिळतो. गुळगुळीत बाजू दोन्हींची पुढेच यायला हवी, इथे हमखास घोटाळा होतो. क्लिपांसाठी असलेल्या, किल्लीच्या भोकासारख्या आकाराच्या भोकांची तंतोतंत नक्कल करा. मागच्या बाजूला आणि कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, बोर्ड पाणी पितो तो कडेतूनच. मात्र मागे कडेलगत २० मिमीची पट्टी कोरी सोडा, रेक्झीन दुमडून तिथेच चिकटवायचंय आणि चिकटवायचं सोल्यूशन तिथला रंग उचकटतं.

---

वरच्या मेलला पुरवणी.

चिकटवायला पांढरं फेविकॉल नको. ते पाण्याचं असतं आणि रेक्झीनमधून पाणी उडून जायला वाट नसते. फेविकॉल एसआर ९९८ सारखं सिंथेटिक रबराचं सोल्यूशन घ्या, चार पॅनलांना साधारण एक लिटर. बोर्ड पहिला हात पिऊन टाकतो, म्हणून त्याला दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. रेक्झीन कापडी अस्तराचंच घ्या. बिनअस्तराच्या व्हिनायलमधलं मऊ करणारं तेल हळूहळू झिरपून सोल्यूशनचा चिकटपणा मारतं. मग एप्रिलात बंद गाडी तापली की कडा सुटतात.

दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून १०-१५ मिनिटं थांबा. बोटाची मागची बाजू टेकवा. चिकट वाटलं पाहिजे, पण तार निघता कामा नये. मध्ये बटर पेपर ठेवून रेक्झीन जागेवर आणा आणि मग कागद हळूहळू ओढत मधून बाहेर दाबत या, कारण एकदा टेकलं की ते हलत नाही. डिसेंबर निवडलात ते बरं केलंत. पावसाळ्यात सोल्यूशन वाळताना थंड पडून त्यावर दव धरतं, पांढुरका थर येतो आणि पकड जाते.

५४ इंची पन्ह्याचं ३ मीटर रेक्झीन पुरतं. चारही तुकडे एकाच दिशेने कापा, अस्तर एका बाजूला जास्त ताणतं. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर दुमडीत व्ही खाचा मारा. आतल्या कोपऱ्यात सरळ चीर द्या, पण कडेच्या ३ मिमी अलीकडे थांबा. हँडलच्या भोकात मागून दाभण टोचा आणि पुढून चकतीपेक्षा लहान फुली कापा. गोल कापलंत तर चकतीबाहेर बोर्ड दिसतो.

स्टेपल मारायच्या तर ४ मिमी पायाच्या. रेक्झीन १ आणि बोर्ड ३ धरला तर ६ मिमीची पिन समोरून डोकावते.

लेदर सपाट पॅनलावर उगाच खर्च आहे. तरी हवंच असेल तर क्रोम टॅन केलेलं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं), १ ते १.२ मिमीचं घ्या. ते चौरस फुटावर मिळतं, कातडं वेडंवाकडं असल्याने पाव हिस्सा जास्त धरा. पोटाकडचा भाग टाळा, तो ढिला पडतो. कोल्हापुरात चपलेचं कातडं मिळतं ते इथे नको, झाडपाल्यावर कमावलेलं कातडं उन्हात आकसतं.

---

धन्यवाद काका. आर्मरेस्ट प्लास्टिकचा आहे, त्यालाही हेच सोल्यूशन लावायचं का?

---

आर्मरेस्टच्या मागे कोरलेली अक्षरं वाचा, त्यावरून प्लास्टिकचा प्रकार कळतो. एबीएस असेल तर १२० च्या पॉलिश पेपरने घासून लावा, थिनरने पुसू नका, प्लास्टिक तडकतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर आधी पीपीचा प्रायमर, त्याशिवाय सालीसारखं सुटून येतं. खोलगट भाग आधी चिकटवायचा. वरून ताणून आणलंत तर तिथे तंबू होतो. रेक्झीन गरम करायला घरातला हेअर ड्रायर पुरतो. जास्त तापवलं तर रेक्झीनची दाणेदार नक्षी जाऊन चकाकी येते. हीट गन इकडून नेऊ नका, १२० व्होल्टची तिकडच्या २३० वर जळेल. सोल्यूशन ज्वालाग्राही असल्याने विमानात चालत नाही, तिकडेच घ्या.