तान्ह्या बाळाच्या झोपेचे तास मोजायचे की नाही?

जागरण: माझी लेक सात आठवड्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात पहिल्या तीन महिन्यांसाठी १४ ते १७ तास झोप सांगितली आहे. मी वहीत रोज टिपून ठेवते. काल जेमतेम पावणेतेरा तास भरले. घरातले म्हणतात, मोजणं सोड. मला पटत नाही. मोजलंच नाही, तर कमी पडतंय हे कळणार कसं?

दोघांची_आई: अगं, वही मिट. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आकडा दिलाच नाही, कारण या वयात बाळाबाळांत फरकच फार असतो. तू आकडा नको, बाळ बघ. दिवसाला निदान सहा लंगोट ओले होतात ना? वजन वाढतंय ना? मग झालं.

आणि एक सांग, 'जागी' म्हणून तू नेमकं काय लिहितेस? तान्ह्यांची निम्मी झोप चुळबुळीची असते. ओठ हलतात, डोळे किलकिले होतात, मधूनच कण्हतात. मला वाटायचं उठलाच. मी लगेच उचलायचे आणि झोपलेल्या पोराला खरंच जागं करायचे. माझ्या थोरल्याची कितीतरी झोप मीच मोडली.

उशिरा_कळलं: सरसकट 'मोजू नका' म्हणू नका, कळकळीने सांगतेय. माझा मुलगा पहिल्या आठवड्यात सारखा झोपायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, किती शहाणं बाळ! दहाव्या दिवशी काट्यावर ठेवला, तर वजन जन्मापेक्षा बरंच खाली. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं असतं. हा पाच वेळाही पीत नव्हता. भुकेला होता आणि अंगात रडण्याचं बळ नव्हतं. लिहून ठेवलं असतं, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच डोळ्यांत भरलं असतं. कमी झोपेची काळजी सगळे करतात, जास्त झोपेची कुणी करत नाही.

जागरण: ताई, वाचून पोटात कालवलं. चुळबुळीचं मात्र काल रात्री पाहिलं. तिने मूठ तोंडाशी नेली, कण्हली, पाय झाडले. मी पुढे केलेला हात मागे घेतला. दोन मिनिटांत श्वास संथ झाला आणि पुढे चाळीस मिनिटं झोपली. वहीत हे मी आजवर 'जागी' म्हणूनच लिहीत होते. पण वही मिटणार नाही.

जुनी_जाणती: पालथं झोपवून बघ. आमची पोरं तशीच गाढ झोपायची.

दोघांची_आई: काकू, हे मात्र नको. गाढ झोप लागते हाच त्यातला धोका. अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले आकस्मिक मृत्यू निम्म्यावर आले. उताणंच, सपाट टणक गादीवर, उशी-दुलई काही नको. १४चा आकडा गाठायच्या नादात आई असल्या सल्ल्याला बळी पडते, म्हणून तर मी वहीच्या विरोधात आहे.

उशिरा_कळलं: उताणं झोपवण्याबद्दल दुमत नाही. जागरण, तू वही ठेव, पण झोपेचा रकाना खोड. किती वेळा प्यायली आणि किती लंगोट ओले झाले, तेवढंच लिही.

जागरण: झोपेचा रकाना ठेवतेय, फक्त रात्री बेरीज मारणार नाही.