ताकाहाता महान दिग्दर्शक की सहकाऱ्यांना पिळून काढणारा माणूस?

रानवारा: जपानचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ घिबली म्हटलं की सगळे तिथले दिग्दर्शक मियाझाकी यांचंच नाव घेतात, म्हणून हा धागा. माझ्या मते तिथलाच इसाओ ताकाहाता जास्त मोठा दिग्दर्शक. आणि हा माणूस स्वतः चित्रं काढायचा नाही बरं का! ओन्ली येस्टरडे (१९९१) बघा. त्यात घरात पहिल्यांदाच अननस येतो, कापायचा कसा तेच कुणाला माहीत नाही, मग सगळे गोल बसून एकेक फोड तोंडात टाकतात आणि चेहरे उतरतात, कारण गोडच नाहीये. बाकीचे ताटली बाजूला सारतात पण ती छोटी ताएको हट्टाने चावत राहते. एवढंच. ना मारामारी ना जादू, आणि मला तो सीन दहा वर्षं झाली तरी विसरता येत नाही.

तिसरी_घंटा: सीन भारीच आहे, मान्य. पण मी स्वतः अ‍ॅनिमेशनमध्ये काम करते, त्यामुळे मला त्यामागची माणसं दिसतात. ताकाहातांच्या कागुया या चित्रपटाला आठ वर्षं लागली, खर्च जवळपास ५०० कोटी येन आणि जपानात वसूल झाले त्याच्या निम्म्याच्या आसपास. मियाझाकींच्या द विंड रायझेससोबत एकाच दिवशी लावायचा ठरला होता, तोही नोव्हेंबर २०१३ वर गेला. त्यांचाच ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज १९८८ मध्ये थेटरात लागला तेव्हा काही शॉट रंगवलेलेच नव्हते! दिग्दर्शकाचं पहिलं काम वेळेत निर्णय घेणं हे आहे. आमच्याकडे एका सरांनी एकच शॉट अकरा वेळा बदलायला लावला होता, मी तीन रात्री घरी गेले नव्हते, आणि शेवटी पहिलाच ठेवला.

पाणकावळा: तुमच्या सरांचा राग ताकाहातांवर का काढताय? तो शेवटी पहिल्यावरच परत येणारा माणूस नव्हता. ओन्ली येस्टरडेच्या मोठ्या ताएकोसाठी आवाज आधी रेकॉर्ड केले आणि मग चेहरे काढले. म्हणून हसताना गालाचे स्नायू वर चढतात, त्यांच्या रेषा दिसतात. बालपणाच्या भागात मात्र गाल गुळगुळीत आणि फ्रेमच्या कडा पांढऱ्यात विरून जातात, आठवण पुसट होते ना तशा. हे सगळं न काढणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आलंय. कागुयात ती राजकन्या वाड्यातून पळते तेव्हा रेषाच फाटल्यासारखी होते, कोळशाने खरडल्यासारखी, एकेक किमोनो मागे पडत जातो. घाईत होतं का असलं काम?

तिसरी_घंटा: घाई करा असं मी म्हटलेलंच नाही. योशिफुमी कोंदोंचं काय? फायरफ्लाइज आणि ओन्ली येस्टरडे दोन्हीचे अ‍ॅनिमेशन डायरेक्टर, म्हणजे चित्रांची जबाबदारी सांभाळणारे, १९९८ मध्ये ४७व्या वर्षी गेले. ताकाहातांनी सोबतच्यांना फार पिळलं हे निर्माते सुझुकींनीच जाहीरपणे सांगितलंय. त्या गालांच्या रेषा कुणाच्या हातातून उतरल्या तेही बोला की.

रानवारा: हे मी नाकारत नाही, कोंदोंबद्दल वाचून मलाही फार वाईट वाटलं. पण किंमत ताकाहातांनीही मोजली. पहिला चित्रपट होरुस, १९६८, तोएई स्टुडिओत तीन वर्षं खपून केला, दहाएक दिवसांत थेटरातून उतरवला आणि तिथे त्यांना पुन्हा चित्रपट मिळाला नाही. मग टीव्हीवर हायडी ही मालिका केली, १९७४, दर आठवड्याला एक एपिसोड! म्हणजे वेळेत काम करता येत होतं.

मनवा_के: मला फायरफ्लाइजबद्दल बोलायचंय. सगळे त्याला युद्धविरोधी म्हणतात, ताकाहाता स्वतः नाही म्हणायचे. नऊ वर्षांचे असताना २९ जून १९४५ ला ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा बहिणीसोबत अनवाणी पळाले होते, म्हणजे ऐकीव दुःख नाही ते. तरी चित्रपटातल्या सेइता या मुलाला नुसता बिच्चारा नाही केलं, मावशीचं घर सोडून जाण्यातला त्याचा ताठाही दाखवला. दुसऱ्या कुणी आपल्याला नुसतं रडवलं असतं.

तिसरी_घंटा: सेइताचं पटलं, तिथे माझा वाद नाही. पण रानवारा, हायडीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. लेआउटला, म्हणजे प्रत्येक शॉटची मांडणी आखायला, मियाझाकी, आणि सगळी टीम वर्षभर झोपेशिवाय राबली म्हणून दर आठवड्याला एपिसोड निघाला. वेळ पाळला तो त्यांनी.