मदत हवी आहे: पुलअपच्या निगेटिव्हमध्ये किती सेकंदांत खाली यावं?

नमस्कार. वय ४१, वजन ५८ किलो. या वर्षी एक तरी पुलअप स्वतःच्या बळावर मारायचाच, असं मनाशी पक्कं केलंय. वर जाता येत नाही, म्हणून दोन महिने स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर नेते आणि सावकाश उतरते; यालाच निगेटिव्ह म्हणतात. उचलण्यापेक्षा उतरवताना स्नायू जास्त वजन पेलतो, त्यामुळे हा मार्ग पटलाय.

अडलंय ते वेळेवर. जिममधले सर म्हणतात, दहा सेकंद लाव, तीनच मार. मैत्रीण म्हणते, तीन सेकंदांचे आठ मार. दहावाले करताना कोपर काटकोनात येईपर्यंत सगळं ताब्यात असतं. तिथून हात थरथरतात आणि उरलेलं अंतर धपकन संपतं. पहिल्या आठवड्यात दंड असे भरून आले की दोन दिवस वेणी घालता आली नाही.

शोधाशोध केली. २०१५ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले: रेप (व्यायामाचं एक आवर्तन) अर्ध्या सेकंदाचा असो की आठ सेकंदांचा, स्नायू साधारण सारखेच वाढतात. पण तो वेळ वर-खाली मिळून, आणि मोजलाय आकार. मला ताकद हवीय. २००३ मध्ये फार्थिंग आणि चिलिबेक यांना तर वेगवान एक्सेंट्रिकमध्येच (म्हणजे उतरवण्याच्या टप्प्यात) ताकद सर्वांत जास्त वाढलेली दिसली. मग मी भराभर उतरावं का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, तो प्रयोग यंत्रावरचा आहे. यंत्र ठरलेल्या वेगाने हात सरळ करतं, माणूस पूर्ण जोर लावून त्याला अडवतो. वेग वाढला म्हणून जोर कमी होत नाही. बारवर वजन तुमचंच. तिथे भराभर उतरणं म्हणजे जोर सोडून देणं. मी तुमच्या जागी चार-पाच सेकंदांचे पाच रेप धरीन, लक्ष काटकोनाच्या खाली. निसटलं की सेट तिथेच थांबवा. हे सोपं वाटू लागलं की सेकंद वाढवू नका, सॅकमध्ये दोन किलो घालून ती पाठीला लावा. आठवड्यातून दोनदा पुरे.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार! आज मोबाइलवर शूटिंग केलं. वरच्या अर्ध्याला चार सेकंद, खालच्याला एकसुद्धा नाही. काटकोनात हात आणून तिथेच दोन-तीन सेकंद थांबले आणि मग उतरले, तर चालेल का?