परसात एकाच फणसाला जागा असेल तर कापाच लावा, आणि तोही कलमाचाच

चिपळूणचा परसदार
कोकणात घर बांधून झालं की मागच्या बाजूला हौसेने फणसाची आठळी पुरतात. पुढे सात-आठ वर्षं वाट पाहायची आणि मग झाड जे देईल ते खायचं. हे आता थांबवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. फणसात परपरागीभवन होतं, त्यामुळे उत्तम काप्याच्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाच्या, आठळीतून उत्तम कापाच येईल याची खात्री नसते, मऊ रसाळ गऱ्यांचा बरकाही निघतो. मोठ्या बागेत चालून जातं. पण दहा मीटरचा घेर अडवणारं एकच झाड लावणार असाल तर नशिबावर का सोडायचं? कलम चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं आणि आईच्याच गुणाचं फळ देतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जातीचीच निवड आहे.

आणि कापाच का? कारण घरात आता माणसं तीन. कापा फोडला की गरे काढून डब्यात भरून फ्रीजमध्ये चार दिवस राहतात, मुंबईला लेकीकडे पाठवता येतात, कच्च्याचे तळलेले गरे होतात. बरका पिकला की त्याच दिवशी संपवावा लागतो, नाहीतर झाडाखाली आंबट वास आणि चिलटं.

गुहागरची माहेरवाशीण
दादा, अजिबात पटलं नाही. कापा हायवेवर कुठेही विकत मिळतो, गरे सोलून पिशवीत भरून मिळतात. बरका बाजारात येतच नाही, कारण तो प्रवासात टिकत नाही. मग परसात काय लावायचं, जे विकत मिळतं ते की जे मिळत नाही ते?

सांदणं काप्याची करून बघा एकदा. मिक्सरला कितीही फिरवा, दोरे आणि चोथा राहतोच. बरक्याचे गरे चाळणीवर हाताने घासले की खाली दाट पिवळा रस पडतो. भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, चवीला मीठ, बास. वाफवलं की जाळी पडते आणि वर नारळाचा रस. फणसपोळीचंही तेच. बरका नसेल तर उन्हाळ्यातला अर्धा स्वयंपाक गेला.

चिपळूणचा परसदार
ताई, सांदणांबद्दल वादच नाही. पण बरक्याचं झाड प्रत्येक वाडीत आहे. लोक हाका मारून न्या म्हणतात. त्यासाठी स्वतःची एकुलती एक जागा कशाला घालवायची?

गुहागरची माहेरवाशीण
आहेत ती सगळी आजोबा-पणजोबांनी लावलेली. फणसाच्या लाकडाला मागणी आहे, रस्ते रुंद होतायत, एकेक झाड जातंय. नवीन बरका कोण लावतंय? सगळे तुमच्यासारखे कापाच लावणार असतील तर पंचवीस वर्षांनी हाक मारणारं कुणी उरणार नाही. आणि कलमाला माझा विरोध नाहीच. शेजारच्या गोड, कमी दोऱ्याच्या बरक्याची काडी घ्या आणि बांधा. कलम म्हणजे कापाच, हे कुणी ठरवलं?

पुणेकर, प्लॉट लहान
तुम्ही दोघंही मोठ्या झाडांबद्दल बोलताय. मी व्हिएतनामचं लवकर धरणारं कलम आणलंय. बुटकं ठेवता येतं आणि नर्सरीवाल्याने बारमाही फळं येतात असं सांगितलंय.

दापोलीचा आंबेवाला
बुटकं तर कोणतंही ठेवता येतं हो. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतो, त्यामुळे शेंडा मारला तरी फळ जात नाही. बारमाही म्हणजे मात्र नीट विचार करा. आमच्याकडे जुलैत पिकलेला फणस पाणचट लागतो, पावसात कुजतो तो वेगळाच. कोकणात घेताना पाऊस पडायच्या आत पिकणारा घ्यावा, जात कोणतीही असो. आणि ज्या झाडाची काडी आहे त्याचा गरा आधी चाखावा. पानांवरून कापा की बरका हे सांगतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बांधावरचा म्हातारा
आठळीला इतकं खाली पाडू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या भागात सुपारी, नारळ, कलमं आडवी झाली. आठळीचा जुना फणस उभा राहिला. जागेवर रुजलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खोल जातं, पिशवीतल्या रोपाचं तळाशी गुंडाळतं. शिवाय पुढे लाकूड मिळतं, दारं-चौकटी त्याच्याच होत्या आमच्या.

दापोलीचा आंबेवाला
काका, मूळ जागेवरचं हवं आणि फळ खात्रीचं हवं, दोन्ही जमतं. आठळी खड्ड्यातच पेरा. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर पसंतीच्या झाडाची काडी बांधा. जरा हात बसलेला माणूस लागतो, पण झाड भक्कम होतं. पाणी तुंबेल तिथे मात्र लावू नका, जांभ्यात कातळ वर असेल तर तिथेही नको. फणसाला ओले पाय सोसत नाहीत. आणि घराच्या भिंतीपासून लांब ठेवा.

नवी बागवाली
मध्येच विचारते. आमच्या कलमाला यंदा बोटाएवढे फणस लागले आणि सगळे काळे पडून, बुरशी येऊन गळले. जात चुकली का? काढून दुसरं लावू?

दापोलीचा आंबेवाला
मुळीच काढू नका! ते फणस नव्हेत, नर फुलोरा आहे. नर-मादी एकाच झाडावर वेगवेगळे येतात. नर बारीक देठाचा, परागकण सोडून झाले की काळा पडून गळतोच. कोवळ्या झाडाला पहिल्या वर्षी बहुतेक तोच येतो. मादीचा देठ जाड असतो आणि देठाच्या टोकाशी हिरवं कडं दिसतं. गळालेलं झाडाखाली साचू देऊ नका, नाहीतर बुरशी खऱ्या फळाला धरते.

गुहागरची माहेरवाशीण
तुमचा कापा आहे की बरका, ते विचारलं का नर्सरीत?

नवी बागवाली
कापा सांगितलंय.

चिपळूणचा परसदार
मग राहू दे. आणि ताई, बरक्याच्या काडीचं मनावर घेतलंय. माझी जागा काप्यालाच जाणार, पण आमच्या वाडीच्या देवळामागे मोकळी जमीन आहे, पाणी थांबत नाही. तुमच्या माहेरच्या झाडाची काडी मिळेल?

गुहागरची माहेरवाशीण
मिळेल. पण आधी मे महिन्यात येऊन गरा खाऊन जा.